निब मऊ करायची म्हणजे काय करायचे?

गेल्या वर्षी नववीतला एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत आला. हातात शाईचे पेन, चेहरा पडलेला. सुलेखन स्पर्धेसाठी त्याला इंग्रजी कॉपरप्लेट वळणाची अक्षरे काढायची होती. या वळणात खाली येणारी रेघ जाड आणि वर जाणारी केसासारखी बारीक असते. त्यासाठी ‘मऊ’ निब लागते असे त्याने ऐकले होते. लोखंड तापवले की मऊ होते हे तर लहान मुलालाही माहीत असते. त्याने निब चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवली. आता तो सांगत होता, “सर, मऊ झाली, पण लवत नाही. वाकते आणि वाकलेलीच राहते.”

त्याच्या या एका वाक्यात धातूंच्या गुणधर्मांचा निम्मा धडा आहे. बोलताना आपण ‘मऊ’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. वस्तू थोड्या जोराने वाकते का, ही एक गोष्ट. वाकवून सोडल्यावर मूळ आकारात परत येते का, ही दुसरी. तिच्या पृष्ठभागावर ओरखडा सहज उठतो का, ही तिसरी. विद्यार्थ्याला पहिली हवी होती आणि त्याने घालवली दुसरी. घरच्या घरी निब लवचीक करता येते, तीही स्वस्तातल्या स्टीलच्या निबेची. पण त्याआधी ही गुंतागुंत सोडवायला हवी.

पहिला प्रश्न असा, की जाड रेघ येते कोठून? याची उत्तरे दोन आहेत. बोरूचे टोक सपाट कापलेले असते. त्याची कड रेघेला आडवी पडली की रेघ जाड, कड रेघेच्याच दिशेने सरकली की बारीक. तेथे दाब कमीजास्त करावा लागत नाही. दिशा बदलली की जाडी आपोआप बदलते. मोडी आणि देवनागरीची वळणे या बोरूने घडवली. कॉपरप्लेटचे तंत्र वेगळे. अठराव्या शतकातील इंग्रज लेखनिक पिसाच्या टोकदार लेखणीने लिहीत. खाली येताना लेखणी दाबली की टोकाची चीर उघडे आणि रेघ रुंदावे. दाब काढला की चीर मिटे. जॉर्ज बिकम याचा ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा १७३३ ते १७४१ या काळात निघालेला ग्रंथ याच वळणाचा मोठा कित्ता आहे. पुढे बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी पिसाच्या जागी पोलादी निबा आणल्या, त्या टाकात बसवून आपल्याकडेही लोक लिहीत असत.

या फरकामुळे एक गंमत होते. चीर आडवी उघडते, म्हणून वरून खाली येणारी रेघ जाड होते. पण शिरोरेषा डावीकडून उजवीकडे जाते. तेथे उघडलेल्या चिरेची दोन्ही टोके एकामागून एक एकाच वाटेने सरकतात, आणि कितीही दाबले तरी रेघ बारीकच राहते. वर आडव्या ओढीत निब वेडीवाकडी होते ती निराळीच. तेव्हा ज्यांना वळणदार देवनागरी लिहायची आहे त्यांनी निब लवचीक करण्याच्या भानगडीत न पडता सपाट कापलेल्या टोकाची निब घ्यावी. आमच्या विद्यार्थ्याला इंग्रजी अक्षरे हवी होती, म्हणून त्याची मागणी रास्त होती.

फूटपट्टीची निब

निब हातात घेऊन नीट पाहा. टोकाशी एक बारीक मणी असतो. हा निबेच्या धातूचा नसून अतिशय कठीण मिश्रधातूचा असतो आणि वितळवून चिकटवलेला असतो. त्याला जुन्या सवयीने इरिडियमचा म्हणतात, पण आजच्या बऱ्याच निबांत इरिडियम नावालाही नसते. टंगस्टन, रुथेनियम, ऑस्मियम यांसारखे धातू असतात. मण्यापासून मागे चीर जाते आणि एका गोल छिद्रापाशी संपते. चिरेमुळे निबेच्या पुढच्या भागाच्या दोन पाकळ्या होतात. छिद्राच्या दोन्ही बाजूंना निब रुंद होते, त्यांना खांदे म्हणू. मागचा भाग पेनात घट्ट रुतलेला असतो. म्हणजे प्रत्येक पाकळी ही एका टोकाला पक्की धरलेली आणि दुसऱ्या टोकाला मोकळी अशी पट्टी झाली. घराच्या सज्जाची रचना हीच असते.

अशा पट्टीचे गणित वर्गात करून पाहता येते. स्टीलची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर अशी दाबून धरा की तिचा १० सें.मी. भाग बाहेर राहील. टोकाला दोऱ्याने छोटी पिशवी बांधून तीत नाणी टाका आणि टोक किती खाली आले ते मोजा. मग २० सें.मी. भाग बाहेर काढून तेवढीच नाणी टाका. टोक दुप्पट नव्हे, सुमारे आठपट खाली येते. (वाकणे थोडे असेपर्यंतच हे गणित जुळते, म्हणून नाणी बेताने टाकावीत.) पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडीचेही तसेच, फक्त उलट दिशेने: जाडी निम्मी केली तर ताठपणा एक अष्टमांश होतो. रुंदीचा हिशेब मात्र सरळ आहे. रुंदी निम्मी, तर ताठपणा निम्मा.

निब बनवणारा कारखाना पत्रा पातळ करू शकतो. मोठ्या, लांब पाकळ्यांची निब बनवू शकतो. आपल्याला घरी पत्रा सर्वत्र सारखा पातळ करणे जवळजवळ अशक्य आहे आणि लांबी तर ठरलेली आहे. आपल्या हाती राहते ती रुंदी. म्हणून घरगुती सुधारणा करणारे लोक निबेच्या दोन्ही खांद्यांवर कानशीने चंद्रकोरीसारखे काप देतात.

आता यातली मेख पाहू. एकसारख्या दोन फूटपट्ट्या शेजारी शेजारी ठेवून दोन्हींची टोके एकदम ५ सें.मी. खाली दाबा. आता एक पट्टी काढून घ्या आणि उरलेली एकटी तेवढीच खाली दाबा. जोर निम्मा लागेल. पण उरलेल्या पट्टीकडे पाहा: ती आधी जेवढी वाकली होती तेवढीच आताही वाकली आहे. तिच्या आतल्या धातूवरचे प्रतिबल तसूभरही कमी झालेले नाही. ज्या मर्यादेपलीकडे ती कायमची वाकडी होते, ती मर्यादा जिथे होती तिथेच आहे.

निबेच्या भाषेत सांगायचे तर, खांदे कापल्याने निब जास्त उघडण्यास समर्थ होत नाही. ती कमी जोरात उघडते, एवढेच. पूर्वी जिथे पोचायला मनगटाचा जोर लागत होता तिथे आता बोटाच्या इशाऱ्याने पोचतो आणि पुढच्या खड्ड्यातही तितक्याच सहज पडतो. नव्याने लवचीक केलेल्या निबा पहिल्या दोन दिवसांतच वाकड्या होतात, त्याचे मुख्य कारण हे आहे. हात मात्र जुनाच जोर लावत असतो.

अर्थात निब ही सपाट पट्टी नाही. ती कौलासारखी बाकदार असते, आणि त्यामुळे हिशेब थोडा आपल्या बाजूने झुकतो. जाड कागदाची पट्टी एका टोकाला धरली तर ती लगेच खाली मान टाकते. तीच पट्टी लांबीच्या दिशेने पन्हळीसारखी किंचित वळवून धरली तर ताठ उभी राहते. सुताराची गुंडाळणारी पोलादी टेप याच युक्तीने हवेत सरळ राहते. निबेचे खांदे म्हणजे या कौलाच्या उतरत्या कडा. त्या कापल्या की कौलाची उंची कमी होते आणि रुंदीच्या हिशेबाने व्हावा त्याहून ताठपणा बराच जास्त घटतो. म्हणूनच थोड्याशा कापानेही फरक जाणवतो.

सोने आणि आग

येथे दोन समजुतींची झडती घेतली पाहिजे. पहिली अशी, की सोन्याची निब लवचीक असते कारण सोने मऊ असते. निबेतले सोने शुद्ध नसते. १४ कॅरट म्हणजे हजारात सुमारे ५८५ भाग सोने, बाकी तांबे, चांदी इत्यादी. अशा मिश्रधातूचा यंगचा गुणांक स्टीलच्या साधारण निम्मा असतो. त्यामुळे तंतोतंत त्याच आकाराची सोन्याची निब स्टीलपेक्षा दुप्पट वाकेल हे खरे. पण आकार व जाडी बदलली की हा दुपटीचा फरक कोठल्या कोठे वाहून जातो. टाकाच्या जुन्या पोलादी निबा आजच्या बहुतेक सोन्याच्या निबांपेक्षा कितीतरी लवचीक होत्या. सोने आले ते मुख्यतः दुसऱ्याच कारणाने: हिराकस आणि मायफळ यांची जुनी शाई आम्लधर्मी असे, ती पोलाद खाऊन टाकी. सोन्याला ती काही करू शकत नव्हती.

दुसरी समजूत आमच्या विद्यार्थ्याची. स्टील तापवून सावकाश गार केल्यावर त्याचा यंगचा गुणांक जवळजवळ बदलत नाही. म्हणजे तेवढ्याच जोराने निब तेवढीच वाकते. बदलते ती मूळ आकारात परत येण्याची मर्यादा. स्टेनलेस स्टीलचा पत्रा थंड स्थितीत रुळांमधून दाबून काढताना त्याच्या स्फटिकांत जी ओढाताण होते तिच्यामुळे त्याला स्प्रिंगचा गुण येतो. लाल तापवले की स्फटिक नव्याने जुळतात आणि हा गुण नाहीसा होतो. टाकाच्या निबा कार्बनयुक्त पोलादाच्या असत. त्या तापवून तेलात बुडवल्या की पुन्हा कडक करता येत. पेनाच्या निबेचे स्टेनलेस स्टील बहुधा त्या जातीचे नसते. एकदा मेले ते मेले. विद्यार्थ्याची निब मी जपून ठेवली आहे. स्थितिस्थापकता शिकवताना ती वर्गात फिरवतो.

प्रत्यक्ष काम

पेन स्वस्तातले घ्यावे, ज्याच्या निबा सुट्या मिळतात असे. आजोबांचे जपलेले पेन मुळीच घेऊ नये. पहिली निब बिघडणार असे धरूनच चालावे. माझ्या दोन बिघडल्या. पेनाचा पुढचा भाग कोमट पाण्यात तासभर ठेवला की निब आणि तिच्याखालची जीभ सैल होते. दोन्ही एकत्र धरून सरळ ओढाव्यात, पिळू नयेत.

निबेवर मार्करने दोन्ही बाजूंना काप आखून घ्यावेत. मध्यभागी प्रत्येक बाजूला, म्हणजे छिद्राच्या किंवा चिरेच्या कडेपासून आखलेल्या रेषेपर्यंत, निदान दीड ते दोन मिलिमीटर धातू राहिला पाहिजे. काप लांब आणि उथळ असावा. आखूड आणि खोल काप दिला तर सगळे वाकणे त्या एका अरुंद जागी गोळा होते, तिथे बिजागरीसारखा कमजोर सांधा तयार होतो आणि वर सांगितलेली मर्यादा उलट लवकर गाठली जाते. कापाला कोपरा तर असूच नये. ताण नेहमी कोपऱ्यापाशी एकवटतो आणि पुन्हा पुन्हा वाकून तिथेच बारीक तडा सुरू होतो. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी विमाने हवेत फुटली, तेव्हा अशाच तड्यांचा माग विमानाच्या कवचातील खिडकीवजा झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी लागला. चिरेच्या शेवटी छिद्र गोल असते तेही तडा पुढे जाऊ नये यासाठी उपयोगी पडते.

निब तिच्या बाकाला जुळेल अशा लाकडी दांडक्यावर ठेवून शेगड्यात अलगद आवळावी. सोनार वापरतात तशी बारीक, गोल कानस घ्यावी. दोन्ही बाजूंना पाच-पाच हात मारायचे, मग पाहायचे. एक बाजू पुरी करून दुसरीकडे वळू नये; दोन्ही पाकळ्या सारख्या ताठ राहिल्या नाहीत तर एक लवकर उचलली जाते आणि निब कागदाला ओरबाडते. विजेवर फिरणारा दगड वापरायचा मोह होतो, पण त्याने निब क्षणात तापते. धातूवर निळसर झाक दिसली की निब थोडी ‘भाजली’ असे समजावे. डोळ्यांवर चष्मा हवा. कीस फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावा. विद्यार्थी हे काम करणार असतील तर शिक्षकांनी शेजारी उभे राहावे. शेवटी कापाच्या कडा आधी ४०० आणि मग १००० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने पाण्यात घासून गुळगुळीत कराव्यात. हे दिसण्यासाठी नाही. कानशीचा प्रत्येक ओरखडा हा एक छोटासा कोपराच असतो. मण्याला मात्र हात लावू नये.

किती कापले म्हणजे पुरे, हे अंदाजाने ठरवण्याऐवजी मोजता येते. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर कागद ठेवून निब लिहिण्याच्या तिरकेपणाने टेकवा आणि चीर टोकाशी अर्धा मिलिमीटर उघडेपर्यंत दाबा. शेजारी धरलेल्या पट्टीवरून भिंगाने अंदाज येतो. काट्यावरचा आकडा लिहून ठेवा. दर वेळी कानस मारल्यावर पुन्हा मोजा आणि उरलेली रुंदी आणि लागणारे वजन यांचा आलेख काढा. आलेख सरळ रेषेपेक्षा झपाट्याने खाली येऊ लागला तर तो कौलाच्या उंचीचा परिणाम आहे, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे. चीर एक मिलिमीटर उघडण्याच्या पुढे हौस करू नये.

शाईचे काय?

निब लवली तरी काम अर्धेच होते. पहिल्याच जाड रेघेत बहुतेकांना रेल्वेचे रूळ दिसतात: दोन बाजूंना दोन बारीक रेघा आणि मधे कोरा कागद. चिरेतली शाईची पातळ फीत तुटलेली असते.

दोन काचपट्ट्या समोरासमोर ठेवून एका बाजूच्या कडा टेकवा आणि दुसऱ्या बाजूला मधे काडेपेटीची काडी घाला. रबराने बांधून रंगीत पाण्यात उभ्या करा. जिथे फट चिंचोळी तिथे पाणी उंच चढते आणि काडीकडे उतरत येते. सुंदर वक्र दिसतो. केशाकर्षणाने पाणी किती चढेल ते फटीच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणात असते. फट ०.१ मि.मी. असेल तर साधे पाणी सुमारे १५ सें.मी. चढू शकते; १ मि.मी. असेल तर जेमतेम दीड सेंटिमीटर. शाईचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्याने तिचे आकडे आणखी लहान. निब दाबली की आपण हीच फट रुंद करतो. म्हणजे ज्या क्षणी कागदाला तिप्पट शाई हवी असते, नेमक्या त्याच क्षणी चिरेची शाई धरून ठेवण्याची ताकद ढासळते. ही तूट जिभेने भरून काढायची असते.

जीभ हा पेनाचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. तिच्या पाठीवरच्या बारीक खाचेतून शाई पुढे येते आणि जेवढी शाई बाहेर गेली तेवढीच हवा आत जाते. हवा गेली नाही तर आत निर्वात वाढत जातो आणि पेन थांबते. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन याने १८८४ साली पेटंट घेतले ते या दुहेरी वाहतुकीच्या व्यवस्थेचे. साध्या पेनाची जीभ साध्या लिखाणाला पुरेल एवढीच शाई देते. टोकदार चाकूने ती खाच दोन-तीन वेळा हलकेच खरवडून थोडी खोल केली की पुरवठा वाढतो. एबोनाइटची जीभ असेल तर उत्तम; शाई तिला प्लॅस्टिकपेक्षा चांगली चिकटून वाहते. प्लॅस्टिकच्या नव्या जिभेवर तेलाचा अंश असतो, तो भांडी घासण्याच्या साबणाने धुऊन काढला तरी कधीकधी तेवढ्यानेच भागते. आधी तेच करून पाहावे, कारण खोल केलेली खाच उथळ करता येत नाही.

खाच जास्त झाली तर काय होते ते आम्ही पाहिले. विद्यार्थ्याची दुसरी निब छान जमली होती. पण उत्साहाच्या भरात त्याने जीभ जरा जास्तच कोरली. पेन रूळ काढीनासे झाले, पण साध्या लिखाणात वहीच्या कागदावर रेघ फुटू लागली. शाई अर्ध्यावर आली, की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावून टोकाशी थेंब जमू लागला. मग जीभ तेवढी नवी आणली आणि खाच एकदाच खरवडली. आता जाड रेघ सावकाश ओढली तर भरीव येते, घाईने ओढली तर अजूनही मधे फाटते. स्पर्धेला त्याने हेच पेन नेले. प्रयोगवही तो दुसऱ्या, ताठ निबेच्या पेनाने लिहितो.